ओव्यावरचं धोतर
२२ डिसेंबर. थंडी वाढली, म्हणून आज अंगणातला भजीच्या पानांचा ओवा झाकला. त्याची जाड पानं गारठ्यात काळी पडतात, एरवी हे झाड वर्षानुवर्षं टिकतं. कापड मात्र मी रंगीतच घेते. काही वर्षांपूर्वी अशाच थंडीत आमच्याकडं आलेल्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं आणि गावी, देवगाव रंगारीला असलेल्या सासूबाईंना फोनवर एवढंच सांगितलं होतं, "जरा बरं नाही, या." त्या संध्याकाळी मी सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर ओव्याच्या माणसाएवढ्या लांब कुंडीवर गुंडाळलं आणि दोन्ही टोकांना सुतळीनं आवळलं. तेवढ्यात रिक्षा थांबली. सासूबाई फाटकातच मटकन खाली बसल्या. "फोनवर खरं का नाय सांगितलं गं?" मला कळेना. मग त्यांच्या नजरेच्या रोखानं कुंडीकडं पाहिलं, तर मलाही तिथं पांढऱ्यात बांधलेलं प्रेतच दिसलं. "आई, ओवा आहे तो. बाबा दवाखान्यात चहा मागतायत." त्यांनी उठून सुतळी सोडली, पानं चाचपली आणि म्हणाल्या, "लई अक्कल तुला." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते धोतर धुतलं, इस्त्रीनं वाळवलं आणि सासऱ्यांना घरी येताना नेसायला म्हणून दवाखान्याच्या पिशवीत घातलं.