पोथीतली चार भोकं

बायको गेली त्याला आठ महिने झाले. लोक येतात, बसतात, तिच्या हाताला चव होती म्हणतात. होती. पण तिच्या डोक्यात काय होतं ते कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

आमचं गाव केडगावपासून दोन कोस आत. गावच्या पुराणिकांना सगळे काका म्हणायचे. त्यांच्याकडं एक जुनी चित्रांची पोथी होती. सुटी लांबट पानं, वर-खाली लाकडी फळ्या, लाल फडक्यात बांधलेली. वर्षातून एकदा, नागपंचमीच्या दुपारी, ती आमच्या ओसरीवर सुटायची. काका वाचायचे. चित्राचं पान आलं की ते उभं धरायचे, चित्र बायकांकडं, मागची अक्षरं स्वतःकडं. बायकांनी बघायचं, त्यांनी वाचायचं, अशी ती रीत. चित्रं चारच, तळहाताएवढी. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला न्यायला भाऊ होऊन आलेला नाग. वारुळातल्या घरात दिवा धरून उभी ती. दिवा पडून पिल्लांच्या शेपट्या तुटल्या ते. आणि पिल्लं सूड घ्यायला आली तर ही पाटावर काढलेले नागच पुजत बसलेली. तिच्या लुगड्याचा हिरवा रंग असा, की हात लावला तर बोटाला लागेल.

माझ्या बायकोलाही माहेर नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, मामानं लग्न लावून दिलं ते परत तोंड दाखवलं नाही. पंचमीला दुसऱ्या सुना माहेरी जायच्या. ही दाराआड उभी राहून चित्रं बघायची.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पंचमीलाच नगरहून टांगा आला. त्यातून कोट-चष्म्याचे एक विद्वान गृहस्थ उतरले. पोथी याच दिवशी सुटते हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. वाचन संपेस्तोवर जांभया देत बसले, मग काकांना म्हणाले, "अहो, कहाणी काय, बायकांना तोंडपाठ असते. ही चित्रं मात्र इथं उंदीर खातील. मी जपून ठेवतो." मोठ्या माणसानं अहो-जाहो केलं, काका विरघळले. गृहस्थांनी खिशातून पातं काढलं.

पंचमीला आमच्याकडं कुणी विळी उचलत नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उकडलेली दिंडं खायची. हे शेंबड्या पोराला कळतं.

दाराआडून आवाज आला, "काका, आज कापायचं नसतं."

चार पुरुषांत ती पहिल्यांदाच बोलली. काका हसले. "सूनबाई, ते काय भाजी चिरतायत का?"

"मग उद्या कापा म्हनावं. ऱ्हावा आज आमच्याकडं. आन् त्याच्या मागं बी लिवलंय, त्ये जाईल."

"बाईंना वाचता येतं वाटतं?" गृहस्थ म्हणाले. दोघं-तिघं खिदळले. आणि मी, तिचा नवरा, काय बोललो?

"आत जा गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

ती गेली. चार चौकोन कापून कोटाच्या खिशात गेले.

पुढच्या पंचमीला काकांनी सवयीनं पान उभं धरलं, आणि भोकातून बायकांना काकांचंच तोंड दिसलं. मागची अक्षरं चित्राबरोबर गेलेली. "मग नाग तिला म्हणाला... म्हणाला..." एवढा पुराणिक, पण अक्षरावाचून एक ओळ येईना.

आतून ही म्हणाली, "'बाई, दिवा हातातनं सोडू नगंस, पिल्लं पायात येत्यात,' आसं म्हनला. वाचा म्होरं."

चारी भोकं तिनं भरली. पुढं दर वर्षी भरली. काका थांबायचे, आतून ओळी यायच्या, काका पुढं जायचे. "आमचं चुकलं" असं एकानंही म्हटलं नाही. मीही नाही. काका तर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या गावची अशी पद्धतच आहे!" संताप येतो. आज जास्त येतो.

काका गेल्यावर त्यांच्या पोरांनी पोथी आमच्याकडंच ठेवली. या पंचमीला मी ती फडक्यातून सोडली आणि वाचायला बसलो. पहिली तीन भोकं मला भरता आली. चौथ्याशी अडलो. पाटावरच्या नागांपाशी ती सून काहीतरी मागणं मागते, ते ऐकून पिल्लांचा राग जातो. कहाणी इथवर आली की मी दर वर्षी बैलांना पाणी दाखवायला उठायचो. एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "भावास्नी सुखी ठेव, आसंच कायतरी."

'कायतरी' मला नको.

ते चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात काचेमागं असेल. लोक हिरव्या रंगाला वाहवा म्हणत असतील, आणि ती ओळ भिंतीकडं तोंड करून बसली असेल. ज्याच्याकडं असेल त्यानं एकदा चौकट उतरवावी आणि मागचं वाचावं. जपून ठेवतो म्हणाला होतात ना? मग चित्र ठेवा तुम्हाला. ती काय म्हणायची तेवढं मला सांगा.