झोप झाली असेल तर भांडा

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला. "मंग आता हिला राग न्हाई ना येणार?"

"कमी होईल," डॉक्टर म्हणाले. जालन्यातल्या त्या दवाखान्याच्या खोलीत आमच्या मागे आणखी माणसं नंबर लावून उभी होती. सगळ्यांनी ते ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजाराचं नाव बायपोलर डिसऑर्डर. म्हणजे एकाच माणसाच्या मनाची दोन टोकं. एक मॅनिया. त्यात अंगात वारं भरतं, झोप उडते आणि उडाली याचं काही वाटत नाही, बोलणं थांबत नाही. दुसरं डिप्रेशन. त्यात उठून तोंड धुणंसुद्धा डोंगराएवढं वाटतं. मला हे पहिल्यांदा झालं ते माझी लेक पूजा जन्मली तेव्हा. बाळंतपणाला आष्टीला माहेरी होते. सव्वा महिना व्हायच्या आतच माझी झोप गेली. बाहेरचं काही लागलं म्हणून सगळ्यांनी उतारे केले. हळूहळू ते निवलं, पण पुन्हा पुन्हा येत राहिलं. नाव कळेपर्यंत पूजा शाळेत जायला लागली होती.

लिथियम नावाची गोळी सुरू झाली. ही गोळी मन एका पातळीवर ठेवते. रक्तात तिचं प्रमाण कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष होतं. म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी बाकावर बसायचं, नंबर आला की डॉक्टरांनी "बरं आहे?" विचारायचं आणि ह्यांनी "बरी हाय" सांगायचं. मला कुणी विचारत नसे. हात थरथरायला लागले, चहाचा कप बशीवर वाजायला लागला, पण आजार आवरला. माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर आधी सांगते, गोळी सोडू नका. माझं गाऱ्हाणं गोळीबद्दल नाहीच.

गाऱ्हाणं घराबद्दल आहे. आम्ही अंकुशनगरला राहतो, हे तिथल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. डाळ करपली म्हणून मी बोलले, की "गोळी घेतली का?" गॅस संपला आणि कुणी सांगितलं नाही म्हणून चिडले, की "गोळी घेतली का?" सासूबाई लग्नापासून माझ्याशी तोंडाला तोंड देऊन भांडायच्या. त्याही गप्प झाल्या. मी आवाज चढवला की घरातली माणसं एकमेकांकडे बघायची आणि मान डोलवायची. इतकं समजूतदार घर मी वैऱ्यालाही चिंतणार नाही.

त्याहून वाईट म्हणजे माझा माझ्यावरही भरवसा उरला नाही. राग आला की मीच संशयानं विचार करायचे, हा माझा, की आजाराचा? उत्तर सापडेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची.

पूजा बी.एस्सी. झाली आणि एक चांगलं स्थळ आलं. पाहुणे यायच्या आधी हे म्हणाले, "तू थोडे दिवस आष्टीला भावाकडं जाऊन ये." मी म्हटलं, "काहून?" तर पाहुण्यांना काय सांगायचं ते आधीच ठरलं होतं. पोरीच्या आईला शुगर आहे, चक्कर येते, म्हणून भावाकडे आरामाला गेली आहे. मी हातातलं ताट आपटलं. कुठल्याही आईनं आपटलं असतं. ह्यांनी पाणी आणि गोळी आणून दिली आणि मला थेट डॉक्टरांकडे नेलं. "लय चिडून राह्यली," एवढंच सांगितलं. ताटाचं कारण सांगितलं नाही.

डोस वाढला. पूजाचं लग्न ठरलं तेव्हा मी भावाच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. पोरगी पसंत पडली असं त्यानं सांगितलं. मला आनंद झाला नाही, राग आला नाही, रडू आलं नाही. आजारानं माझं पुष्कळ नेलं, पण त्या ओसरीवर मी जितकी रिकामी होते तितकी कधीच नव्हते.

लग्नात मी शुगरची पेशंट म्हणून मिरवले. विहीणबाईंनी माझ्या ताटातला लाडू प्रेमानं उचलून घेतला. बाई खरंच चांगली होती.

पुढे आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मानसिक आरोग्याचं शिबिर भरायला लागलं. तिथे डॉक्टरांबरोबर शेख मॅडम यायच्या. त्या सोशल वर्कर, म्हणजे औषधाच्या पलीकडचं बघणाऱ्या. त्यांचा एक शब्द होता, रिकव्हरी. नुसती लक्षणं जाणं म्हणजे रिकव्हरी नाही; आजार राहिला तरी माणसाला आपलं आयुष्य परत मिळणं म्हणजे रिकव्हरी, असं त्यांनी सांगितलं. मला मनात हसू आलं. म्हटलं, कुठलं आयुष्य आणि देणार कोण?

मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "भाऊ, आजार न्हवता तवा ताई रागवायच्या का?"

हे चपलांकडे बघायला लागले. "लय रागवायची."

"कशावर?"

"खोटं बोललं की."

"मंग तो राग त्यांचा झाला ना. बीमारीच्या नावावर काहून टाकता? झोप बघा त्यांची. झोप उडाली, बोलणं थांबंना, तर जल्दी घेऊन या. झोप बराबर झाली आन् तरी रागावल्या, तर बिलकुल भांडा त्यांच्याशी."

मी तिथेच रडले. आनंदानं नाही. हा प्रश्न इतका साधा होता आणि इतकी वर्षं कुणालाच सुचला नव्हता, म्हणून रडले. डॉक्टरांनी रक्त तपासून डोस थोडा उतरवला. राग परत यायला लागला. पण त्यानं घर बदललं असं समजू नका. सवयी लवकर सुटत नाहीत. सासूबाई अजूनही मान डोलवायच्या.

मग पूजाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. मी डिंक, खारीक आणायच्या गोष्टी बोलायला लागले. तर तिचा फोन आला. तिच्या सासूबाई म्हणतात, तुझ्या आईला शुगर, त्यांना झेपायचं न्हाई, बाळंतपण इथंच करू. मी गिळलं. फोन ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाई इचारत होत्या, घरात कुणाला मानसिक आजार हाय का. सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या. मी न्हाई म्हणले, आई."

हा आजार कधी कधी रक्तातून येतो आणि बाळंतपणानंतरच्या जागरणात डोकं वर काढतो, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पूजाला होईलच असं नाही. पण झालं, तर तिथे ओळखणार कोण? तीही माझ्यासारखीच उताऱ्यांच्या तावडीत सापडणार.

मी ह्यांना म्हटलं, "जाऊन खरं सांगू."

"पोरीचा संसार मोडायचा हाय का तुला?"

"तिचं डोकं फिरलं तर संसार राह्यल का?"

"तोंड उघडलंस तर ती तुला जन्मात माफ करणार न्हाई."

"ठावं हाय."

हे ओरडले, मी ओरडले. इतक्या वर्षांत आम्ही असे भांडलो नव्हतो. शेवटी दमून ते खाली बसले. "राती झोपली व्हतीस का?"

"बराबर झोपले."

त्यांनी पायात चपला घातल्या. "मंग चल."

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला फसवलं." हे खाली मान घालून बसले. पूजा आतल्या खोलीत होती. मी दारापाशी जाऊन हाक मारली. तिनं कडी काढली नाही.

आता तिच्या डॉक्टरीणबाईंना सगळं माहीत आहे. बाळंतपणानंतर लक्ष ठेवू म्हणाल्या, असं जावयांनी कळवलं. आवाज कोरडा होता. मी त्यांचे आभार मानले. शेख मॅडमचेही मानले. पण त्या दिवशी त्यांनी ह्यांना माझ्या रागाचा प्रश्न विचारला नसता तर मी गप्पच राहिले असते आणि लेक माझ्याशी बोलत राहिली असती, हेही त्यांना सांगून टाकलं. त्यांनी फक्त माझा हात धरला.

हे वाचणाऱ्यांत कुणी आजारी असेल, कुणी आजाऱ्याचं घर असेल. बरं होण्यात सुखच मिळतं असं मी सांगणार नाही. आपलं बोलणं पुन्हा खरं धरलं जातं, आणि मग त्याची किंमतही आपणच भरतो.

पूजा माझा फोन उचलत नाही. तिला सातवा लागला आहे. ती रागावली आहे, आणि तिच्या जागी मी असते तर मीही रागावले असते.