खतिजाभाभींचा उतरलेला गंधार

शिवाजी पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला लागूनच खतिजा शिकलगार यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान. पेटी म्हणजे हार्मोनियम. खतिजाभाभी हे काम वडिलांच्या हाताखाली शिकल्या. वडील गेले तेव्हा "बाईमाणसाला सूर लावायला जमतंय होय?" असं विचारणारी माणसंच पुढं सांगली-साताऱ्याहून पेट्या पाठवू लागली. शिक्षण दहावी. रागाचे नियम कधी पाठ केले नाहीत. पण पितळेची रीड नुसती नखानं छेडली, तरी ती किती चढली आहे ते भाभी सांगतात.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात एक भांडण झालं. नाटकांना चाली देणारे एक गृहस्थ पेटी न्यायला आले होते आणि कॉलेजात संगीतशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक पेटी दुरुस्तीला टाकायला.

"तुम्ही पुस्तकवाले! जन्मात एक चाल लावली नाही," चालवाले म्हणाले.

"आणि तुम्ही लावलंय काय, ते तुम्हालाच ठाऊक नाही," प्राध्यापक म्हणाले.

भाभी कानस घासत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं झ्याक भांडताय, ते हितं कशाला वाया घालवताय? शेजारी खोली हाय, मशीन हाय. तिथं बसा की. समद्यास्नी ऐकू दे."

मशीन म्हणजे माझा लग्नाच्या शूटिंगचा रेकॉर्डर. खोलीही माझीच. मला कुणी विचारलंच नव्हतं!

'चाल कशी लागली?' हा पॉडकास्ट असा सुरू झाला. एक चाल लावणारा, एक शास्त्र शिकवणारा, मध्ये पेटी आणि पेटीमागं भाभी. कुणी जड शब्द वापरला की त्यानं तो लगेच वाजवून किंवा गाऊन दाखवायचा, हा भाभींचा नियम. पहिला भाग त्रेसष्ट लोकांनी ऐकला, त्यातले निम्मे आमच्या पेठेतलेच. दुसऱ्या वर्षी नाशिक, बेळगावहून निरोप यायला लागले. पाहुण्यांच्या तारखा भाभी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहीत.

एकेचाळिसाव्या भागाला कुरुंदवाडचे कृष्णातबुवा आले. सकाळी दूध संस्थेत काम, संध्याकाळी भजनी मंडळ. दीडेकशे अभंगांना त्यांनी स्वतःच्या चाली लावलेल्या. समोर अनुजा इनामदार मॅडम. सूर आणि त्यांची सूक्ष्म अंतरं यांच्या अभ्यासात त्यांची तीस वर्षं गेली होती. बुवांनी आपल्याच पेटीवर एक चाल म्हणून दाखवली. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं आणि त्या सौम्यपणे म्हणाल्या, "चाल सुंदर आहे. पण गंधार उतरलाय. पेटी लावून आणायला हवी होती."

"न्हाय मॅडम, तो तसाच हाय. आमची आई रानात तण भांगलताना जे म्हणायची, त्यात तो असाच लागायचा."

"पण हा कोमल नाही आणि शुद्धही नाही. शास्त्रात याला जागा नाही, बुवा. आपण त्याला बेसूरच म्हणतो."

बुवांनी हळूच भाता मिटला. रेकॉर्डिंग थांबवू का, असं मी खुणेनं विचारलं. भाभींनी नकारार्थी मान हलवली आणि माईक जवळ ओढला.

"मॅडम, तो गंधार मीच उतरवलाय."

त्यांनी तिथंच पेटी उघडली, गंधाराची रीड काढून मॅडमच्या तळहातावर ठेवली. "टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. ही बघा, बुडाशी घासलेली. आन् ह्ये एकलेच न्हाईत. नदीकाठच्या चार गावची चार माणसं माझ्याकडं असाच गंधार मागत्यात. एकमेकांस्नी वळखत बी न्हाईत. सोळा वर्सं ह्ये चाललंय, पर कुणाला बोलले न्हाय. बोलले तर लोक म्हणणार, खतिजाला सूर लावता येत न्हाय."

मॅडम रीडकडं बघत राहिल्या. "चार पेट्यांनी सिद्धांत होत नाही, खतिजाबाई."

"नसू दे. सवाल तरी हुतोय का न्हाई?"

रेकॉर्डिंग संपल्यावर भाभींचे यजमान दिलदारभाई टेम्पो लावून आत आले. सगळं ऐकून म्हणाले, "तेवढं कापून टाक. गिऱ्हाईक तुटंल." खरं सांगतो, माझंही मत तेच होतं.

भाभी म्हणाल्या, "दुसऱ्याला समोर बसवून आपण खरं वदवून घेतो. आपली पाळी आली की कातर लावायची व्हय?"

भाग जसाच्या तसा गेला. आठवड्यात एका शाळेनं दुरुस्तीला टाकलेल्या सहा पेट्या तशाच परत नेल्या. 'पेट्या बेसूर करणारी बाई' असं कुणीतरी कुठल्याशा ग्रुपवर लिहिलं. भाभींनी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. पुढच्या रेकॉर्डिंगची तारीख त्यांनी भिंतीवर लिहिलीच नाही. दुकान मात्र रोज वेळेवर उघडत होतं आणि त्या एकच रीड पुनःपुन्हा छेडून बघत होत्या.

अकराव्या दिवशी इनामदार मॅडम दारात उभ्या राहिल्या. खांद्याला तानपुरा, हातात सूर मोजायचं यंत्र.

"मला झोप लागेना," त्या म्हणाल्या. "त्या चार गावांना घेऊन चला."

दिलदारभाईंनी टेम्पो काढला. चार रविवारांत चार गावं झाली. भजनी मंडळांच्या पेट्या तपासल्या, पण मॅडमना खरं ऐकायचं होतं ते म्हाताऱ्या बायकांचं गाणं. ते त्यांनी बायकांकडून पेटीशिवाय, मोकळ्या गळ्यानं गाऊन घेतलं. तीन गावांत गंधार तिथंच लागला, अगदी केसभर फरकानं. चौथ्या गावात नाही लागला. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

पुढच्या भागात त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं, "मी कृष्णातबुवांच्या सुराला बेसूर म्हणाले होते. तो शब्द मी मागं घेते. चुकलं ते माझं ऐकणं." बुवा समोरच होते. त्यांनी नुसते हात जोडले आणि चाल धरली. त्या दिवशी ते जे गायले, तसं मी माझ्या खोलीत कधी ऐकलं नाही.

यंदा फेब्रुवारीत पुण्याला संगीत अभ्यासकांचा परिसंवाद झाला. मॅडमनी तिथं निबंध वाचला. त्यावर नावं दोन: डॉ. अनुजा इनामदार आणि खतिजा शिकलगार. भाभी मंचावर अवघडून बसल्या होत्या, पदर सारखा सावरत. वाचन संपल्यावर एका ज्येष्ठ अभ्यासकानं शंका काढली, "हा सूर दर वेळी नेमका तोच लागतो कशावरून? हाताचा अंदाज चुकू शकतो."

मॅडम उत्तर देणार, तोवर भाभींनी पिशवीतून कोरी रीड आणि कानस काढली. डोकं खाली घालून बुडाशी घासायला लागल्या. थोडं घासायचं, छेडायचं, पुन्हा घासायचं. मग रीड मंचावरच्या पेटीत बसवून त्यांनी सूर दिला. मॅडमनी यंत्र पुढं धरलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. बुवांच्या पेटीचाच आकडा. ज्यांनी शंका काढली होती, टाळी आधी त्यांनीच वाजवली.

परतताना कराडजवळ चहाला थांबलो. शाळेच्या त्या सहा पेट्या काही परत आल्या नव्हत्या, त्याचं भाभींना वाईट वाटत होतंच. पण कुरुंदवाडच्या आणखी दोघांनी फोन करून 'आमच्या गंधाराची' पेटी मागितली होती, हे त्या मला सांगत होत्या. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून दिलदारभाईंचा आवाज चढला. ते एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरला सांगत होते:

"पावणं, त्या निळ्या साडीतल्या बाई दिसत्यात न्हवं? आज पुण्यात प्रोफेसर लोकांस्नी त्यांनी शिकवलंय. आमची बायको हाय ती!"

"अवो, गप बसा की," भाभी म्हणाल्या. पण म्हणताना हसत होत्या, आणि ड्रायव्हर उठून नमस्कार करायला आला, तेव्हा त्यांनी खुर्चीवर ताठ बसून तो घेतला.