रुपीबाईंचा ढावलो आणि उणे आकडा

यवतमाळचा अमर वेबसाइटी करून द्यायचा. कामात हुशार, बोलायला गोड. पण काही बिघडलं की दोष हमखास समोरच्याचा. समोरच्याचं नेट, समोरच्याचा मोबाइल, नाहीतर सरळ समोरच्याची अक्कल.

दारव्ह्याला कॉलेजात शिकवणाऱ्या प्रेरणा राठोड यांनी बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्यांची गाणी जपून ठेवायला त्याच्याकडून साइट करून घेतली. पहिलाच व्हिडिओ ऐंशी वर्षांच्या रुपीबाईंचा. लेक सासरी निघताना तिला गळ्याशी धरून गातात तो ढावलो, चांगला पाऊण तासाचा. साइटवर चढवला, तर फाइलीचा आकार दिसला उणे दीड जीबी.

"अमरभाऊ, आकडा उणे काहून दाखवते?" प्रेरणाताईंनी फोनवर विचारलं.

"रेकॉर्डिंग खराब झालं असन मॅडम. पुन्हा घ्या," अमर म्हणाला. फाइल उघडून बघायचे कष्टही त्याने घेतले नाहीत.

रुपीबाई पुन्हा गायल्या. पुन्हा उणे. तिसऱ्यांदा गाताना त्यांचा आवाज बसला, तरी आकडा उणेच.

पुढच्या महिन्यात तांड्यावरच्याच बसंतीबाईंचा मोठा व्हिडिओही उणे निघाला, तेव्हा कुठे महाशयांनी स्वतःचा कोड उघडला. फाइलीचे बाइट मोजायला त्याने ठेवलेली जागा दोनशे चौदा कोटींपर्यंतच पुरत होती. त्यापुढे गेला की आकडा उलटून उणे व्हायचा. अमरने एक शब्द बदलला आणि सगळे आकडे सरळ झाले. रुपीबाईंचं पहिलं रेकॉर्डिंग अगदी शाबूत होतं.

"सर्व्हर अपडेट केला," एवढंच कळवून सुटता आलं असतं. तसं त्याने टाइपही केलं, मग खोडलं आणि प्रेरणाताईंना फोन लावून खरं ते सांगितलं.

त्या म्हणाल्या, "हे मले कायले सांगता? याडीले सांगा, रुपीमायले."

दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर गेला. रुपीबाई ओसरीत तूर पाखडत होत्या. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हंजे पयलंच बरोबर होतं?" त्यांनी सूप खाली ठेवलं.

"हो, याडी. तुमचं काहीच चुकलं नोतं. माझंच चुकलं."

"मले वाटे, मीच इसरून राह्यली. म्हणून कॉलेजवाली बाई घडीघडी गायले लावते." त्या अंगणाकडे बघत राहिल्या. "मागच्या हप्त्यात नातीचं लगन झालं, बापू. बाया म्हणे, याडी, ढावलो म्हन. म्या म्हटलाच नाही. पोरगी तशीच गेली."