आत्याला मारायचं ठरलं तेव्हा

“गुरुवारी आत्याला मारायचं,” रुजुता फोनवर म्हणाली.

मी नाशिकला, द्वारका चौकाच्या सिग्नलला शेअर रिक्षात होतो. गोंगाटात नीट ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला आणि विचारलं, “अ‍ॅटॅकने मारू की जिन्यावरून पाडू?” शेजारच्या बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मी मालिका लिहितो, असं त्यांना घाईघाईने सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नसावा. पुढच्याच चौकात त्या उतरल्या.

रुजुता चॅनेलची ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. मालिकेत कोण रडणार आणि कोण मरणार यात शेवटचा शब्द तिचा. ती मुंबईत बसते. शूटिंग नाशिकबाहेरच्या एका बंगल्यात चालतं. आमच्या धंद्यात कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा आणि पात्रांच्या तोंडचं बोलणं तिसरा. मी तो तिसरा. सिन्नरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळत एकांकिका लिहायचो, तिथून इथे आलो. नशीब जोरावर होतं, दुसरं काय.

आत्याचं काम तारामावशी करायच्या. जवळच्याच सायखेडा गावच्या, वय साठीच्या पुढे. पहिल्यांदा आल्या त्या लग्नाच्या सीनमध्ये गर्दीत उभं राहायला. कोणीतरी त्यांना एक वाक्य दिलं: “पोरगी वाळलीय, आधी तिला जेवू घाला.” मावशींनी ते असं टाकलं की सगळं युनिट हसलं. त्या एका वाक्यातून घरातली आत्या जन्माला आली. प्रेक्षकांना ती आवडली, तसे मी तिचे संवाद वाढवत नेले. एका वाक्याची दोन पानं झाली.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. दोन ओळी असल्या की मावशी झकास बोलत. अर्धं पान आलं की मध्येच गप्प. डोळे कॅमेऱ्याकडे, ओठ कोरडे. सोमवारी एका सीनला चौदा टेक झाले, तरी तो पुरा झाला नाही. त्यात आमची बँक संपत आलेली. बँक म्हणजे तयार एपिसोडचा साठा. तो फक्त दोन दिवसांचा उरला होता. दिग्दर्शक मंगेश वाईट माणूस नाही, पण त्याच्याही डोक्यावर रोजची वीस पानं होती. त्याने रुजुताला फोन केला आणि रुजुताने मला.

“मावशींना आत्ताच काही बोलू नका, सर,” ती म्हणाली. ही आमच्याकडची रीतच आहे. कलाकाराला आपलं मरण कळतं ते हातात सीन पडल्यावर.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. माझ्या जागेवर बसायला मुंबईत दहा जण तयार आहेत, हे मला ठाऊक होतं. पण दिवसभर मावशींचं एक बोलणं आठवत राहिलं. मागे एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या होत्या, “एस्टीत बाया उठून जागा देत्यात. इचारत्यात, आत्या, त्या सुनेला घरात घेनार का नाय? साठ वर्सांत मला कुनी काय इचारलं नव्हतं, भाऊ.” आता मी तेच काढून घ्यायला निघालो होतो.

आत्याला जिन्यावरून पाडायचं ठरलं होतं, म्हणून मंगळवारी सकाळी सेटवर गेलो, जिना बघायला. बाई पडणार कुठून, थांबणार कुठे, हे नजरेखालून घातलं की सीन पटकन होतो. मी पायऱ्या मोजत असताना मागच्या ओट्यावरून बोलण्याचा आवाज आला. ओळखीची वाक्यं होती. माझीच.

मावशी भिंतीला टेकून मेथी निवडत बसल्या होत्या. युनिटच्या जेवणाची भाजी. एकीकडे पानं खुडत होत्या आणि दुसरीकडे कालचा सीन म्हणत होत्या. चौदा टेक झालेला तोच सीन, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. कुठे अडखळल्या नाहीत. उलट माझ्या गुळगुळीत वाक्यांना त्यांनी अशा जागी थांबे दिले होते की मलाच ते बोलणं नवीन वाटलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, “मावशी, काल हे का नाही झालं?”

त्यांनी हात थांबवला नाही. “काल हात रिकामे व्हते,” त्या म्हणाल्या. “मी चाळीस वर्सं द्राक्षाच्या बागेत थिनिंग केलं.” थिनिंग म्हणजे घडातले जादाचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे राहिलेले नीट फुगतात. “तिथं बाया दिवसभर बोलत्यात. माहेरचं, सासरचं, सगळं. पन कात्री चालू पायजे. कात्री थांबली का मुकादम बघायचा, म्हनायचा, बोलाया आली का कामाला? मंग कात्री थांबली का आपलं तोंड बी थांबायचं. आता त्येच बसलंय अंगात. तुमी मला मधी उभं करता आन म्हनता बोल. मला वाटतं, मुकादम बघून राहिला.”

मी मोबाइलवर मागचे सीन उघडून पाहिले. प्रत्येक सीनमध्ये आत्याच्या नावापुढे मी एकच गोष्ट लिहिली होती: आत्या हॉलच्या मध्यभागी येते, थांबते, बोलते. माझ्या आईने मला आयुष्यभर रागावलं ते भाकरी थापत नाहीतर धुणं वाळत घालत. समोर उभी राहून ती कधीच बोलली नाही. आणि मी मात्र पात्रांना पुतळ्यांसारखं उभं करत होतो. चूक माझी होती आणि मरणार होती आत्या. मला स्वतःची लाज वाटली.

मंगेशला गाठलं आणि म्हणालो, सीन तोच ठेव, फक्त मावशींना मेथी निवडू दे. तो लगेच नाही म्हणाला. त्याचंही खरं होतं. एकच सीन आम्ही तीन-चार बाजूंनी पुन्हापुन्हा घेतो आणि मग जोडतो. एका शॉटमध्ये ताटात ढीगभर पानं आणि पुढच्यात मूठभर, असं झालं की प्रेक्षक हसतात. याला कंटिन्यूइटी म्हणतात. तिच्या धाकानेच मालिकेतली माणसं हात बांधून उभी असतात.

मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, “दर वाक्याला दोन काड्या खुडीन. किती बी वेळा घ्या. घडावर मनी किती ठेवायचे त्ये बोटांनी मोजलंय मी, डोळ्यांनी नाय.”

मंगेशने घड्याळ बघितलं. एक टेक देतो, म्हणाला.

पहिला टेक बाहेर ट्रॅक्टर वाजला म्हणून गेला. दुसरा ओके. मग दुसऱ्या बाजूने, मग जवळून. तिन्ही शॉट शेजारी लावून बघितले तर ताटातली मेथी जशीच्या तशी. अर्धा तास वाचला. मंगेशने स्वतःच तो सीन रुजुताला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला.

“सर, आत्याचं मरण पुढे ढकलू या.”

आमच्या धंद्यात पुढे ढकललेल्या मरणाइतकं लांब आयुष्य कोणालाच मिळत नाही. मालिका संपेपर्यंत आत्या जगली. तिने शेंगा फोडल्या, लसूण सोलला, गोधडी शिवली आणि ते करता करता सगळ्या घराला सरळ केलं. जिनाही वाया गेला नाही. चार महिन्यांनी त्यावरून खलनायक मामाला पाडलं.

शेवटच्या दिवशी केक कापून झाल्यावर मी मावशींच्या पाया पडलो. म्हणालो, इतकी वर्षं लिहून जे कळलं नव्हतं ते तुम्ही शिकवलंत, तुमचे उपकार आहेत. मग राहवलं नाही म्हणून तेव्हाचं सगळं खरं सांगून टाकलं.

“ठावं हाय मला,” मावशी म्हणाल्या. “लेखक एरवी सेटवर येत नाय. त्यात आदल्या दिशी माझे चौदा टेक झालेले, आन तुमी जिना मोजत व्हते. मंग त्या जिन्यावरनं दुसरं कोन पडनार व्हतं? म्हनून तर तुमाला ऐकू जाईल असं बसले मी.”

“मग मला शिव्या का नाही घातल्या?”

“हातात मेथी व्हती,” त्या म्हणाल्या. “कामाच्या येळी काम.”

तेव्हापासून मी नवीन पात्र लिहायला घेतलं की आधी त्याच्या हातात काय आहे ते ठरवतो. संवाद मग सुचतात. आणि जिना बघायचा असेल तर कोणाला तरी फोटो पाठवायला सांगतो.