सालासकट वेफर

आमच्या दुकानात बटाट्याचे वेफर सालासकट मिळतात आणि त्यासाठी दुपारपासून रांग लागते. कडेला तपकिरी किनार, मध्ये कुरकुरीत, एक खाल्ला की हात परत पुडीत जातोच. हे डोकं कुणाचं? माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. डोकं कसलं, संताप होता तो.

नवीन सून असताना सासऱ्यांनी त्यांना पोतंभर बटाटे सोलायला बसवलं होतं. अंगात ताप. हात जरा मंदावले तर म्हणाले, माहेरी काय नुसती लोळायचीस? जाऊबाईंनी सोलाणं फेकलं, बटाटे धुतले आणि तसेच किसणीवर घासून कढईत सोडले. सासऱ्यांनी दुकान डोक्यावर घेतलं. पण गिऱ्हाइकांनी तो घाणा फस्त केला आणि दुसऱ्या दिवशी येऊन तेच मागितले.

तेव्हापासून कढईपुढे जाऊबाईच. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाने पोळल्याचे डाग आहेत बाईच्या हातांवर. दुखतं का, म्हणून एका मेल्याने कधी विचारलं नाही. त्यांचा नवरा तर गल्ल्यावर मूग गिळून बसलेला.

यंदा माझ्या नवऱ्याने दुकानाचा इतिहास लिहिलेली मोठी पाटी लावायची ठरवली. जाऊबाईंनी या घरात पहिल्यांदाच काही मागितलं: त्यात माझं नाव घाला. नवरा म्हणाला, बघू. त्याचं 'बघू' म्हणजे काय ते मला विचारा.

पाटी लागली. सासऱ्यांचा फोटो, खाली 'सालासकट वेफरचे जनक'. जाऊबाईंचं नाव औषधालासुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रांगेसमोर मी सासऱ्यांना विचारलं, खरं सांगा, ही कल्पना कुणाची? म्हाताऱ्याने एकदा थोरल्या सुनेकडे पाहिलं, एकदा गिऱ्हाइकांकडे.

"माझीच," म्हणाले.

कढईत अर्धाकच्चा घाणा होता. जाऊबाईंनी झारा सासऱ्यांच्या हातात दिला.

"मग तळा."

आणि त्या पायऱ्या उतरल्या. मीही किसणी आपटली आणि मागोमाग निघाले. नवरा ओरडत होता, घर काय वाऱ्यावर सोडलंत का? मी म्हटलं, घर नाही, दुकान. घर आम्ही बरोबर नेतोय.

कोपऱ्यावर पोचलो तर करपल्याचा वास आला. जाऊबाई थांबल्या. सवयीने त्यांचा हात वर गेला, झारा धरल्यासारखा. मग त्यांनी तो पदराला पुसला आणि चालायला लागल्या.