लांब शब्दांचा शनिवार

कानाखाली पहिली बसली तेव्हा तो शब्द अजून माझ्या तोंडातच होता. पॉलिमरायझेशन.

आठवीचा वर्ग. शनिवार, सकाळची शाळा. सरांनी फळ्यावर टी, आय, ओ, एन अशी चार अक्षरं लिहिली होती. शेवटी ही चार अक्षरं येतील असा इंग्रजी शब्द प्रत्येकाने उभं राहून सांगायचा. बारा अक्षरांच्या खालचा चालणार नाही. शब्दाबरोबर अर्थही हवा. दोन्ही आलं तर खाली बसायचं, नाही आलं तर उभंच राहायचं. शेवटी ज्याचा शब्द सगळ्यात लांब, त्याने उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कानाखाली एक द्यायची. सर त्याला 'प्रसाद वाटणे' म्हणत. दर शनिवारी अक्षरं बदलत, प्रसाद तोच.

मी शब्द सांगितला आणि सरांनी भुवई उंचावली.

"अर्थ?"

मला अर्थ येत नव्हता.

"कुठे वाचलास?"

"घरी, सर. पाण्याच्या ड्रमवर."

सगळा वर्ग हसत सुटला. बाप सायली गावातल्या केमिकलच्या कंपनीत होता. तिथला रिकामा निळा ड्रम त्याने घरी आणला होता. आमली गावातल्या आमच्या चाळीत आम्ही त्यात पाणी भरायचो, आणि त्यावरचं लेबल मी पाठ केलं होतं. घरात वाचायला दुसरं होतं काय?

सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुम्हा लोकांच्या घरात पुस्तक नसतं, ड्रम असतो. मुंबई सोडून मी ह्या जंगलात कोणाला शिकवायला आलोय, बघा."

त्या दिवशी सगळ्यात लांब शब्द ईशानचा होता. इंडस्ट्रियलायझेशन, म्हणजे औद्योगिकीकरण. त्याचे वडील कचेरीत मोठे साहेब. तो माझ्यासमोर आला, बाही वर केली आणि हाणली. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. सर म्हणाले, "छान. आता पुढची." ड्रमवाली हे नाव मला त्या दिवशी लागलं, ते दहावीपर्यंत.

घरी गालावर बोटं उठलेली दिसली. बापाने विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, तो शाळेत येईल, सरांची गचांडी धरेल.  त्याने फक्त स्वतःचा उजवा तळहात माझ्यासमोर धरला. एकदा कंपनीतली इंग्रजी पाटी न वाचता त्याने पाइपाला हात लावला होता, कातडी सोलून गेली होती. तो म्हणाला, "मार खाईसन का व्हयना, पोरी, पन इंग्रजी शिक."

शिकले. आमलीच्या भंगारवाल्याकडून एक डिक्शनरी आणली. शेवटची पन्नास-साठ पानं गायब होती. उरलेली मी खाल्ली. नळावर रांगेत उभी असताना, भाकरी थापताना, संडासाच्या रांगेत, शब्द चालूच. कॉन्फ्रंटेशन, समोरासमोरची टक्कर. डिस्क्रिमिनेशन, भेदभाव. ह्युमिलिएशन, मानहानी. अर्थ तोंडपाठ होते. ते अर्थ माझ्याच वर्गात उभे राहून मार खातायत, हे मला कळत नव्हतं. डोक्यात एकच होतं. पुन्हा उभं राहायचं नाही.

आणि एका शनिवारी माझा शब्द सगळ्यात लांब निघाला.

इथे मी खोटं बोलणार नाही. मला मजा आली. नऊ जण उभे होते आणि नऊही जण माझ्या हाताकडे बघत होते. आदल्या महिन्यात मला ड्रमवाली म्हणून चिडवणारा एक पोरगा त्यात होता. त्याला मी अशी दिली की तो बाकावर आदळला. वर्ग हसला, आणि ह्या खेपेला माझ्या बाजूने हसला. मार खाणाऱ्याला एकदा मारायला मिळालं की तो काय काय विसरतो, ते मी त्या दिवशी स्वतःच्या अंगात पाहिलं.

रांगेत सर्वात शेवटी सुमन होती. माझ्या बाकावरची. खेरडीहून यायची, शेतातली कामं उरकून, पायात चिखल घेऊन. वारली बोलायची, गुजराती बोलायची, आमच्याशी मराठी बोलायची. तीन भाषा येणारी पोर सरांच्या लेखी ढ होती. मी तिला हळूच मारलं. गालाला नुसता हात लावला.

"ए ड्रमवाली. इकडे ये. कसं मारतात ते तुला दाखवतो."

सरांनी मला दाखवलं. दोन्ही कानांवर, एकदम. डोळ्यांपुढे अंधारी आली. मग म्हणाले, "आता मार."

मी मारलं. अंगातली सगळी भीती हातात आणून मारलं.  मधल्या सुट्टीत तिच्या कानातून रक्ताची बारीक धार खाली आली, ती तिने ओढणीने पुसली. त्या दिवसानंतर डाव्या बाजूने हाक मारली की ती वळायची नाही.

आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग शाळेच्या नळावर म्हणाली, "परत तुझ्या हातचा खाल्ला ना, तं मी शाला सोडीन. सरांच्या हातचा खाईन. तुझ्या हातचा नाय."

ती खरंच सोडेल हे मला ठाऊक होतं. तिच्या घरात शाळेत गेलेली ती पहिलीच. तिच्या थोरल्या बहिणी कंपन्यांत पॅकिंगला जात होत्या, तिच्यासाठीही जागा धरलेलीच होती. ती शाळेत राहणार की नाही, हे आता माझ्या हातावर होतं. म्हणून ह्या शनिवारी पुन्हा टी, आय, ओ, एन येईल असा अंदाज बांधून मी तिला एक शब्द शिकवला. कॉन्व्हर्सेशन. बरोबर बारा अक्षरं. अर्थ, दोघांचं बोलणं. चार दिवस ती घोकत होती. जाताना, येताना, पाणी पिताना. शुक्रवारी तिने न अडखळता म्हणून दाखवला आणि खूप दिवसांनी हसली.

शनिवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, एम, ई, एन, टी.

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिची पाळी आली, ती उभी राहिली आणि उभीच राहिली. ईशानही उभा राहिला. त्यालाही त्या दिवशी काही येईना. एकूण सात जण. आणि माझ्या तोंडातून शब्द निघून गेला. अॅक्नॉलेजमेंट, कबुली. पंधरा अक्षरं, सगळ्यात लांब. शिकलेलं तोंड आधी बोलतं, विचार मागाहून येतो. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

मी रांगेपाशी गेले. पहिला ईशान होता. मी हात उचलला.

"त्याला नको," सर म्हणाले. "ईशान, बस तू खाली. काल त्यांच्याकडे पूजा होती, अभ्यास झाला नसेल."

ईशान बसला. इतकं सोपं होतं ते. बस म्हटलं आणि बसला.

उरलेल्या सहा जणांकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं. दोघं खेरडीचे. एकीची आई शाळा झाडायची. दोघांचे बाप माझ्या बापासारखे मशीनवर. आणि सुमन. ह्यांच्या घरी कधी पूजा नसते? ह्यांच्या घरी पाहुणे येत नाहीत, कुणी आजारी पडत नाही? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. नियम आमच्यापुरता होता. खायचं आम्ही, एकमेकांना मारायचंही आम्ही, आणि साहेबाचा पोरगा अडला की तो बाकावर बसून बघणार.

"मी नाही मारणार," मी म्हणाले.

"काय?"

"कुणालाच नाही मारणार."

सरांच्या हातात लाकडी डस्टर होता. पहिला घाव ओठावर बसला, दुसरा भुवईवर. मी खाली पडले. सरांनी वेणी धरून उठवलं आणि त्या सहा जणांना सांगितलं, "आता तुम्ही वाटा हिला प्रसाद. जो हळू मारेल त्याला माझ्याकडून डबल."

एकेक जण आला. पहिला रडत मारत होता. दुसऱ्याने डोळे मिटले. मी मोजत नव्हते, फक्त उभी राहायचा प्रयत्न करत होते. सहावी सुमन. ती माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, ही नाही मारणार.

तिने मारलं. त्या सहांत सगळ्यात जोरात, मी तिला मारलं होतं तसंच. तिचे डोळे कोरडे होते. मग तिने बाकावरून दप्तर घेतलं आणि सरांना न विचारता वर्गाबाहेर गेली. सर ओरडत राहिले. ती डावा कान त्यांच्याकडे करून गेली.

सुमन पुन्हा शाळेत आली नाही. मी खेरडीला तिच्या घरी गेले, ती पाठमोरी उभी राहिली. मला माफी मागता आली नाही. डिक्शनरीतले सगळे शब्द त्या अंगणात कुचकामी निघाले.

पुढच्या शनिवारपासून मी तोंड उघडलं नाही. शब्द येत होते. वर्गात कुणालाही येत नसतील इतके येत होते. पाळी आली की उभी राहायची, गप्प राहायची, रांगेत जायची. वर्ष संपेपर्यंत प्रत्येक शनिवारी खाल्ली. सरांना माहीत होतं की मला येतंय. त्याचाच त्यांना जास्त राग यायचा, आणि तो बघून मला बरं वाटायचं.

आज मी सायलीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. त्या ड्रमवरच्या शब्दाचा अर्थ आता मी नवीन पोरींना समजावते. समजलं नाही तर दुसऱ्यांदा सांगते. हात खिशात ठेवून सांगते.

मागच्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ईशानचा मेसेज आला. सर निवृत्त होतायत, रविवारी सत्कार. "सरांच्या त्या चापट्यांनीच आपल्याला घडवलं." खाली चाळीस हात जोडलेले. त्याच्या गालाला एकदाही हात लागला नव्हता. मला त्याने वेगळं लिहिलं, "तू हुशार होतीस, दोन मिनिटं बोल. चांगलं काहीतरी." मी 'येते' एवढंच लिहिलं.

मग सुमनकडे गेले. तिची पॅकिंगची शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर उभी राहिले, तिच्या उजव्या बाजूला. म्हटलं, मी सगळ्यांसमोर बोलणार आहे, तुझं नाव घेऊ का? 

"घे," ती म्हणाली. "पन पयला तुझा हात सांग. मंग त्यांचा."

"तू येशील?"

"नाय. मी कशाला येऊ? तू जा."

मी जाणार आहे. हार घालणार नाही, पाया पडणार नाही. सर मंचावर असतील, बायको, मुलं, नातवंडं पुढच्या रांगेत असतील. मी माइक घेईन आणि सांगेन की ह्या हाताने मी सुमनचा कान फोडला. मग सांगेन की हा हात कुणी उचलायला लावला, आणि कुणाला खाली बसवलं. म्हातारा झालाय, आता जाऊ दे, असं म्हणणारे निघतील. मी जाऊ देणार नाही. माइक बंद केला तर ओरडून बोलेन. बाहेर काढलं तर हॉलच्या दारात उभी राहून बोलेन. आणि कुणी हात उचललाच, तर ह्या वेळी मी तो धरणार आहे.